अबोला मिटतो कसा, हे तिने पाहिलंच नाही

'माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिची एकच जिवाभावाची मैत्रीण होती. तीन आठवड्यांपूर्वी शाळेत जोड्या लावून काहीतरी करायचं होतं, तेव्हा त्या मैत्रिणीने हिला सोडून दुसरीला घेतलं. त्या दिवसापासून हिने तिच्याशी बोलणं टाकलं. ती दोनदा आपण होऊन आली, हिने मान फिरवली. आता तीही यायची थांबली आहे. मधल्या सुट्टीत माझी मुलगी मैदानाच्या कडेला एकटी उभी असते, असं बाईंनी मला बोलावून सांगितलं. घरी विचारलं तर एकच उत्तर: "मी नाही आधी बोलणार."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझी आई आणि मावशी अकरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. कारण काय होतं, ते आता आईलाही नीट सांगता येत नाही. मावसभावंडांशीही मग संबंध राहिला नाही. मी स्वतः चिडले की गप्प होते. नवऱ्याशी दोन-दोन, तीन-तीन दिवस बोलत नाही, मग आपोआप बोलणं सुरू होतं. तो स्वभावाने शांत आहे, वाट बघतो. आई आमच्याकडेच असते. नातीचा प्रकार कळल्यावर ती कौतुकाने म्हणाली, "आमच्या घरातल्या बायका मानीच." मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. हे रक्तातच आहे का? हे लिहिते आहे तेव्हाही आम्हा नवरा-बायकोत अबोल्याचा दुसरा दिवस चालू आहे.'

— मानी घरातली


प्रिय 'मानी घरातली',

तुम्ही शेवटी जो प्रश्न विचारलात त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे आजची रात्र तरी झोप लागेल. रक्तातून थोडंफार येतं. अबोला येत नाही.

येतं ते काय? जेरोम केगन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने चार महिन्यांच्या बाळांसमोर नवी खेळणी हलवून, अनोळखी आवाज ऐकवून पाहिले. पाचांतलं साधारण एक बाळ हातपाय झाडायचं, रडायला लागायचं. या बाळांचा पुढे कित्येक वर्षं मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यातली बरीच मुलं नव्या माणसांत बुजणारी निघाली. बरीच, सगळी नव्हेत. म्हणजे बुजरेपणाचं बी काही मुलांत जन्मतः असतं, ते किती रुजेल हे मात्र पुढच्या दिवसांवर ठरतं.

पण तुमची मुलगी बुजरी आहे असं मला तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. बुजऱ्या मुलाला बोलायचं असतं आणि बोलता येत नाही. अबोला धरणाऱ्याला बोलता येत असतं आणि तो बोलत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: कडेला उभं असलेलं एकटं मूल. आत मात्र एकीकडे भीती असते, दुसरीकडे रुसवा. 'मी नाही आधी बोलणार' म्हणणारी मुलगी घाबरलेली नाही, ती वाट बघते आहे. कशाची, ते तिला ठाऊक नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

अबोला धरून कोणी जन्माला येत नाही, हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसत-बोलत असते. मग सांगितल्याप्रमाणे ती दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा ठेवते. बोलत नाही, हसत नाही, नुसती बघते. काही महिन्यांचं बाळ तेवढ्या वेळात काय काय करतं! हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, चिडतं, रडतं, आणि शेवटी मान वळवतं. माणसाचं पिल्लू गप्प चेहरा सहन करू शकत नाही. ते बोलणं पुन्हा सुरू करायचा हरप्रकारे प्रयत्न करतं. म्हणजे 'आधी बोलणं' हीच आपली जन्मजात खोड, आणि न बोलणं नंतर शिकलेलं.

याच ट्रॉनिक यांचं दुसरं एक निरीक्षण मला तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं वाटतं. एकमेकांत छान रमलेल्या आई-बाळाच्या जोड्या त्यांनी क्षणाक्षणाने तपासल्या, तर त्यांतही आई आणि बाळ निम्म्याहून जास्त वेळ एकमेकांना चुकतच होते. बाळ हसतंय तेव्हा आईचं लक्ष नाही, आई बोलतेय तेव्हा बाळ भलतीकडे बघतंय. या जोड्यांचं वैशिष्ट्य न चुकण्यात नव्हतं. चुकलं की त्या लगेच सावरून घेत. मूल तिथून शिकतं की तुटलेलं जोडता येतं. बोलायला लागण्याच्या कितीतरी आधी शिकतं.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाकडे येते. मी तो पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवला आहे: 'आपोआप'. दोन-तीन दिवसांनी बोलणं आपोआप सुरू होतं, असं तुम्ही लिहिलंत. तुम्हा नवरा-बायकोपुरतं ते खरंही असेल. पण तुमच्या घरातल्या आठ वर्षांच्या माणसाच्या जागी जरा उभ्या राहा. तिला सुरुवात दिसते. आईचा आवाज बंद झालेला कळतो, भांडी जरा जोरात ठेवली जातात, दारं वेगळ्या तऱ्हेने लागतात. (माझ्या लहानपणी वडील किल्ल्या टेबलावर कशा टाकतात, त्या आवाजावरून मी सांगू शकायचे की आज घरात कोण कोणाशी बोलत नाही. मुलांचे कान अशा वेळी फार तिखट होतात.) मग दोन दिवस ढग. आणि एका सकाळी उठून बघते तर आई-बाबा गप्पा मारताहेत. मधल्या रात्री काय झालं? कोण आधी बोललं? काय बोललं? ज्याने आधी तोंड उघडलं त्याचा अपमान झाला का? तिला काहीच माहीत नाही. तिच्या लेखी अबोला म्हणजे पाऊस. लागतो, आणि थांबतो.

मार्क कमिंग्ज हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून नेमकं हेच तपासलं. मुलांना मोठ्या माणसांची भांडणं दाखवली: काही आरडाओरड्याची, काही नुसती तोंड फिरवून बसण्याची, काही मिटलेली, काही अर्ध्यावर सुटलेली. गप्प राहून व्यक्त केलेला रागही मुलांना राग म्हणूनच कळतो आणि त्याचा त्रासही होतो. 'आम्ही मुलीसमोर भांडत नाही, नुसते बोलत नाही' असं कोणी म्हणालं तर मूल मनात हसत असेल. पण त्यांच्या कामातला सगळ्यात उपयोगी भाग पुढे आहे. भांडण मुलांसमोर नीट मिटलं, तर त्यांची अस्वस्थता जवळपास नाहीशी होते. आणि भांडण बंद दारामागे मिटलं, पण नंतर मुलांना 'आमचं मिटलं' असं नुसतं सांगितलं, तरी फरक पडतो.

म्हणून मी म्हणेन की तुमच्या मुलीने तुमच्याकडून भांडणं उचलली, हे दुखणं नाहीच. भांडणं सगळीच मुलं करतात. तिने अबोला धरणं पाहिलं, अबोला सोडणं कधी पाहिलं नाही. अर्धाच धडा तिच्यापर्यंत पोचला.

घरात हा अर्धा धडा खपून जातो, कारण घर माणसांना सुटू देत नाही. नळ गळायला लागतो, पाहुणे येतात, किल्ली हरवते, आणि 'किल्ली कुठे ठेवलीस?' या एका प्रश्नावर तीन दिवसांचा अबोला संपतो. नवरा रात्री त्याच घरी येणार असतो, म्हणून गप्प राहणं परवडतं. मैत्रीला असं छप्पर नसतं. मैत्रीण उद्या दुसऱ्या बाकावर बसू शकते, आणि बसली. दोनदा येऊन गेली, हे त्या पोरीचं मोठेपण म्हणायचं.

दुसरंही एक आहे. घरात कोणीतरी मोठं असतं; अबोला कधी सुरू करायचा आणि कधी संपवायचा हे तेच ठरवतं. बरोबरीच्या मुलांत मोठं कोणीच नसतं. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने गोट्या खेळणारी मुलं बघून १९३२मध्ये लिहिलं की नियम हे वरून येत नाहीत, ते आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचे असतात, हे मुलांना कळतं ते बरोबरीच्यांशी घासाघीस करताना. हॅरी स्टॅक सलिव्हन या मनोविकारतज्ज्ञाने तर साडेआठ ते दहा हे वयच जिवलग मित्राचं वय मानलं: दुसऱ्याचं सुख आपल्या सुखाइतकं महत्त्वाचं वाटायला लागतं ते त्या एका मैत्रीत. तुमची मुलगी त्या उंबऱ्यावर उभी आहे. म्हणून हे 'पोरांचं भांडण, होईल नीट' म्हणून सोडून देऊ नका. मात्र झोप उडवून घेण्यासारखंही हे नाही.

आता मागच्या पिढ्यांकडे. मरी बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यात कुटुंबांचा अभ्यास करताना पाहिलं की नात्यातला ताण असह्य झाला की माणसं नातंच तोडतात. तोडल्यावर बरं वाटतं. पण त्या नात्यात जे ओझं होतं ते नाहीसं होत नाही, उरलेल्या नात्यांवर पडतं. शिवाय दोघांचं बोलणं बंद झालं की तिसरा माणूस मध्ये ओढला जातो. 'बाबांना सांग, त्यांचा फोन आलाय.' 'आईला विचार, उद्या येणार आहे का.' हे वाक्य तुमच्या घरात ऐकू येतं का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण पैज लावायची तर मी 'येतं' यावर लावीन. मुलगी तुमची पोस्टमन असेल तर ते काम आजपासून बंद करा, अगदी अबोला चालू असतानाही. चिठ्ठी लिहा, पण तिच्या तोंडून निरोप नको. आणि शाळेतही दोघींच्या मध्ये कोणी तिसरी निरोप नेते-आणते का, तेही हळूच बघा. बहुतेक असेल. मुलं मांडणीसकट उचलतात.

एका संध्याकाळी कागद घेऊन घराण्याचा वृक्ष काढा: आजी, पणजी, मावश्या, मामा, भावंडं. कोण कोणाशी किती वर्षं बोलत नव्हतं तिथे तुटक रेघ ओढा. कुटुंबाबरोबर काम करणारे समुपदेशक हे करून घेतात. तुम्ही आईला शेजारी बसवून करा. न्यायनिवाडा करायचा नाही. फक्त विचारायचं, 'तेव्हा तू गप्प राहिलीस, त्याने काय मिळालं?' कदाचित असं निघेल की ज्या घरात तिच्या बोलण्याला किंमत नव्हती, तिथे न बोलणं एवढंच तिच्या हातात होतं. तसं असेल तर 'मानी' हा शब्द तिने उगाच जपलेला नाही. ती तिची ढाल होती. आठ वर्षांच्या मुलीला ती ढाल जड होते आहे, एवढंच.

या प्रश्नाच्या पुढे दुसरा प्रश्न: 'आणि गेलं काय?' इथे मला तुमच्याबद्दल बोलायचं आहे. तुम्ही लिहिलंत, 'मावसभावंडांशीही मग संबंध राहिला नाही.' आणि पूर्णविराम देऊन पुढे गेलात. त्या भावंडांबरोबर तुम्ही खेळला असाल. एक दिवस ते खेळणं बंद झालं, तुमची काही चूक नसताना, आणि तुम्हाला कोणी विचारलंही नाही. सेल्मा फ्रायबर्ग या बालमनोविश्लेषक आणि त्यांच्या दोन सहकारी स्त्रियांनी १९७५मध्ये एक निरीक्षण मांडलं, ते मी या सदरात आधीही सांगितलं असेल, पण परत सांगते. ज्या आईवडिलांना आपल्या बालपणी काय घडलं ते आठवतं, पण तेव्हा कसं वाटलं होतं ते आठवत नाही, ते तेच पुन्हा करण्याची शक्यता जास्त. ज्यांना ते दुखणं आठवतं, ते आपल्या मुलाला त्यातून वाचवू शकतात. तुम्हाला अकरा वर्षांचा आकडा पाठ आहे. पहिल्या वर्षी सुट्टी लागली आणि मावसबहीण आली नाही, तेव्हा कसं वाटलं होतं? ते आठवलं की मैदानाच्या कडेला उभी असलेली मुलगी तुम्हाला वेगळी दिसेल.

हे सगळं पिढ्यान्पिढ्या उतरतंच, असं मात्र समजू नका. पीटर फोनागी आणि स्टील दांपत्य या मानसशास्त्रज्ञांनी १९९१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरोदर स्त्रियांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं, आणि बाळ वर्षाचं झाल्यावर ते आईला कसं बिलगतं ते पाहिलं होतं. आधीच्या मुलाखतीवरून बांधलेला अंदाज सुमारे ७५ टक्के वेळा बरोबर आला. पण त्या मुलाखतींत बालपण सुखाचं होतं की दुःखाचं, यावर गुण नव्हते. आपली गोष्ट बाई कशी सांगते, काही न लपवता, कोणाला देव किंवा राक्षस न करता सांगू शकते का, हे बघितलं होतं. पुढे २०१६मध्ये अशा पुष्कळ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा पिढ्यांमधला हा दुवा आधी वाटला होता त्याहून सैल निघाला. सैल असेल तर उत्तमच. हात घालायला जागा आहे.

तर काय करायचं?

पुढचं भांडण होईल. मुद्दाम करायला जाऊ नका, ते आपल्या पायांनी येईल. राग आला की गप्प व्हायची तुमची सवय एका महिन्यात जाणार नाही, आणि जायलाच हवी असंही नाही. फक्त गप्प होण्याआधी एक वाक्य बोला: 'मला आत्ता फार राग आलाय, रात्री बोलू.' थांबण्याला वेळ ठरवून दिली की तो अबोला उरत नाही. हे मुलीच्या कानावर पडू द्या. आणि रात्री खरंच बोला. नाहीतर हे वाक्यही खोटं पडेल.

मिटवणं तिच्यासमोर करा, निदान थोडंसं. 'सकाळी मी तुला तोडून बोलले, ते चुकलं' एवढं पुरे. मोठी माफी नको, नाटक नको. मुलांना ते क्षणात कळतं. पैशांचं किंवा नात्यातलं नाजूक काही असेल तर तपशील तुमच्यातच ठेवा, शेवट तेवढा सांगा. नवऱ्यालाही यात घ्या. त्याचं वाट बघणं तुम्ही गुण म्हणून लिहिलंत आणि तो आहेही, पण त्याच्या शांतपणातून मुलगी शिकते ती हीच गोष्ट: आधी आपण बोलायचं नसतं. त्याने एकदा पहिल्या दिवशीच विचारावं, 'काय झालं?'

मुलीला 'जा, सॉरी म्हण' सांगू नका. तिच्या हिशेबाने चूक मैत्रिणीची आहे, आणि तिचं मन दुखावलं हे खरंच आहे. आधी ते मान्य करा. 'तिने दुसरीला घेतलं तेव्हा तुला फार लागलं ना?' यानंतर लगेच उपदेश सुरू केलात तर विचारणं फुकट गेलं. एक-दोन दिवस जाऊ द्या. मग तिला तुमची मावसबहिणीची गोष्ट सांगा, तात्पर्य न काढता. आठ वर्षांची मुलं तात्पर्य आपलं आपण काढतात, आणि आपण काढलं की हटकून उलटं जातात.

मुलांचं मिटतं ते चर्चेने कमी, खेळाने जास्त. मैत्रिणीशी आधी 'बोलावं' लागत नाही. खोडरबर पुढे करता येतं, दोरी धरता येते, तिच्या रांगेत उभं राहता येतं. घरी एकदा गमतीने करून बघा: तुम्ही रुसलेली मैत्रीण व्हा, ती काय करते बघा, मग उलट. ती मैत्रीण आता परत येणार नाही, असंही होऊ शकतं. तीन आठवडे त्या वयात फार मोठे असतात. तेव्हा इतर मुलींच्या खेळात शिरण्याचीही तयारी हवी. मुलं घोळक्यात कशी मिसळतात याचा अभ्यास झालेला आहे. मध्येच जाऊन 'मला घ्या' म्हणणाऱ्यापेक्षा किंवा स्वतःकडे लक्ष ओढणाऱ्यापेक्षा, कडेला थोडा वेळ उभं राहून खेळ काय चाललाय ते समजून घेणारं आणि मग त्याच खेळाला धरून काहीतरी करणारं मूल सहज सामावलं जातं. म्हणजे कडेला उभं राहणं हे वाईट नाही, ते पहिलं पाऊलही असू शकतं. बाईंना विनंती करा की दोघी-तिघींना मिळून करायचं एखादं काम तिला द्यावं. घोळक्यापेक्षा दोघी-तिघी सोप्या.

तिने तुमच्याशी अबोला धरला तर तुम्ही उलट धरू नका, आणि मागे लागून विनवण्याही करू नका. 'मी आत बसले आहे, बोलावंसं वाटलं की ये.' आली की 'आलीस शेवटी!' हे दोन शब्द गिळून टाका. आधी बोलण्याची लाज वाटते ती अशा दोन शब्दांमुळे.

आणि 'मानी' हा शब्द. आईला एकटीला गाठून सांगा की नातीसमोर हा शब्द नको, 'आजीवर गेली' तर मुळीच नको. मुलं आपल्याबद्दल जे ऐकतात तसं होऊन दाखवतात. आईला मावशीकडे मनधरणीला पाठवू नका; ते तिचं तिने ठरवायचं. मावसबहिणीला फोन करायला मात्र तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

दोन ठिकाणी माझा सल्ला अपुरा पडेल. मुलगी घरी बोलते, पण शाळेत बाईंसकट कोणाशीच बोलत नाही, असं महिनाभराहून जास्त चाललं. किंवा शाळेच्या सकाळी पोट दुखायला लागलं, झोप बिघडली, तर ते रुसणं नव्हे. बालमानसतज्ज्ञांना दाखवा. तिला कोणी त्रास देतं आहे का, हे तर आधीच विचारा. आणि तुमच्या घरातल्या गप्प राहण्यामागे राग नसून कोणाची भीती असेल, तर वर लिहिलेलं 'मुलीसमोर मिटवा' विसरून जा आणि मला वेगळं पत्र लिहा.

तुम्ही पत्र लिहीत होतात तो अबोल्याचा दुसरा दिवस होता. हे तुमच्यापर्यंत पोचेल तोवर तो अबोला तुमच्या शब्दांत 'आपोआप' मिटलेला असेल. कसा मिटला, आधी कोण बोललं, ते आज मुलीला सांगा. आठवत नसेल तर नवऱ्याला विचारा, तिच्यासमोरच.